पहिला खर्डा सकाळी, प्रूफं स्वयंपाकघरात

१५ जूनला शाळा उघडते आणि त्याच सुमारास दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन सुरू होतात. मजकूर जुलै-ऑगस्टपर्यंत हवा असतो. म्हणजे वह्यांची कव्हरं, नवा रेनकोट, वर्गाच्या ग्रुपवर रोज वाढणारी यादी आणि पावसात वाळत नसलेला युनिफॉर्म, या सगळ्याच्या ऐन मध्यात लेख लिहायचा. गणपतीच्या आगेमागे प्रूफं येतात, तेव्हा घरात मोदकांची उकड चाललेली असते. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही परंपरा रुजली. मला ती मनापासून आवडते. पण तिचं वेळापत्रक घरात लहान मूल असलेल्या बाईच्या सोयीनं आखलेलं नाही, हे लेक पहिलीत गेली त्या वर्षी नीट कळलं.

आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. वन बीएचके, सासूबाई आमच्याबरोबर. लेक आता तिसरीत आहे, सकाळची शाळा. मी लेख लिहिते, अनुवाद करते, अधूनमधून माहितीपटाची संहिता. लिहायचं टेबल बेडरूममध्ये खिडकीशी आहे आणि खिडकीसमोर जुनी इमारत पाडून नवी उभी राहतेय, त्यामुळे ड्रिलिंग सुरू व्हायच्या आत जे होईल ते खरं.

“तुला वेळ कसा मिळतो गं?” असं मैत्रिणी विचारतात. वेळ तसा सगळ्यांना थोडाथोडा मिळतो, पण कुठला वेळ कशाला पुरतो ते बघावं लागतं. पहिला खर्डा हाक सहन करत नाही. वाक्य अर्ध्यावर असताना कुणी “हळद संपलीये” म्हणालं की ते वाक्य गेलंच. अनुवादाचा दुसरा हात थोडाफार सोसतो. प्रूफं वाचणं, बिल पाठवणं, मेलला उत्तरं देणं ही कामं कुकरच्या शिट्ट्या मोजत होतात. म्हणून लेक शाळेत गेली की दार लावून फक्त खर्डा. त्या वेळात मी मेल उघडत नाही, फोन उचलत नाही, पोळ्यांच्या मावशींना दार सासूबाई उघडतात. बाकी सगळं दुपारी, ती शेजारी गृहपाठ करत असताना. प्रूफं तपासायचं हिरवं पेन हातात दिसलं की हाक मारलेली चालते, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

हे घरात रुजायला वेळ लागला. पूर्वी सासूबाई कुणी आलं की बाहेरूनच हाक मारायच्या, चहा टाक म्हणून. त्यांचंही चूक नव्हतं. बंद दाराआड मी नक्की काय करते, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. त्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका. एकदा प्रूफांचा गठ्ठा मोठा होता, तेव्हा मी म्हटलं, “आई, जरा नजर टाकाल का?” त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या हातून सुटलेले ऱ्हस्व-दीर्घ भराभर खुणा करून दिले. तेव्हापासून नात्यातल्या कुणाचा सकाळी फोन आला की त्याच सांगतात, “तिचं लिहिणं चाललंय, दुपारी कर.” मला वाटतं, घरातल्यांना आपलं काम आतून दिसायला हवं. नुसतं ‘मला त्रास देऊ नका’ म्हणून कुणाला काही कळत नाही. नवऱ्यालाही माझ्या लिखाणाचा करार वाचायला दिला, तेव्हापासून शनिवारची सकाळ त्यानं आपणहून घेतली. तो आणि लेक तलावपाळीला जातात आणि मी स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात संदर्भ बघायला. १८९३ पासूनची संस्था आपल्या पायी अंतरावर आहे, याचा मला फार अभिमान आहे.

करारावरून सांगते, कारण घरून लिहिणाऱ्या बायका इथेच गप्प बसतात. ‘घरीच तर असतेस’ हे ऐकून ऐकून पैशाचं बोलणं अवघड वाटायला लागतं. मी होकार देण्याआधी मानधन किती आणि कधी, हे दोन्ही विचारते. लिखाणाचे हक्क द्यायचे तर ते लेखी करारानंच देता येतात. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ असं दिसलं की मी फोन करून बोलते. बहुतेक वेळा मुदत घालून मिळते.

आणि हो, प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, मानधनावर लिहिणारीला तशी काही सोय नाही. तिनं आपली रजा आपणच साठवायची. मी प्रत्येक मानधनातला थोडा भाग वेगळ्या खात्यात टाकते. लेकीला ताप आला, शाळेला सुट्टी पडली, की ते दिवस तिथून निघतात आणि मी तिच्याजवळ निवांत बसू शकते.

यंदा दोन दिवाळी अंकांना होकार दिलाय. तिसऱ्या संपादकांना पुढच्या वर्षी नक्की म्हणून सांगितलं. अनुवादाचा करार आलाय, त्यात मुदतीची जागा कोरी आहे. उद्या दुपारी फोन करायचाय.