आमची वाटचाल: हरळी जागी होईपर्यंत

शेतकरी जिला खणून खणून कंटाळतो, त्या हरळीला गोंजारून आमचं पोट भरतं. गोल्फच्या मैदानावर तिला बर्म्युडा म्हणतात, एवढाच फरक.

सुरुवातीला गवताशी आमचा संबंध नव्हता. दोघं भागीदार, एक शेड, आणि काम फक्त रील मोवरला, म्हणजे गवत कापायच्या यंत्राला, धार लावून देण्याचं. या यंत्रात फिरती पाती आणि खालचं स्थिर पातं मिळून कात्रीसारखं कापतात. दोन्हींच्या मध्ये कागदाची पट्टी धरायची, रील हाताने फिरवायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद स्वच्छ कापला गेला, तरच यंत्र शेडबाहेर. ग्रीनवरचं, म्हणजे गोल्फच्या भोकाभोवतीच्या हिरवळीवरचं, गवत जेमतेम 3 ते 4 मिलिमीटर ठेवतात. तिथे बोथट पातं गवत कापत नाही, ओरबाडतं, आणि दुसऱ्या दिवशी टोकं पांढरी पडतात. ती टोकं दाखवायला आम्ही मैदानावर जाऊ लागलो आणि हळूहळू मैदानच गळ्यात पडलं.

पहिलं पूर्ण कंत्राट मिळालं ते ऐन वसंताच्या तोंडावर. थंडीत बर्म्युडा पिवळी पडून झोपी जाते. तेव्हाही मैदान हिरवं दिसावं म्हणून थंडीआधी तिच्यावर रायग्रास या थंडीत वाढणाऱ्या गवताचं बी फेकलेलं असतं. वसंतात खालून बर्म्युडा उठू पाहते आणि वर रायग्रास पाय पसरून बसलेलं असतं. घर एक, भाडेकरू दोन. त्यातल्या कोणाला कधी खाऊ घालायचं, यावर पुढचा सगळा उन्हाळा ठरतो.

आम्ही घाई केली. चार दिवस ऊन छान पडलं, आणि आम्ही नत्र देऊन मोकळे झालो. मैदान असं हिरवंगार झालं की क्लबच्या समितीने पाठ थोपटली. पण ते सगळं रायग्रासच्या अंगी लागलं होतं. त्याची दाटी झाली, ऊन अडलं, बर्म्युडा सावलीत खुरटली. पुढे उन्हाळा तापला, रायग्रास करपलं, आणि दोन फेअरवेंना, म्हणजे ग्रीनपर्यंत नेणाऱ्या लांब पट्ट्यांना, टक्कल पडलं. स्वखर्चाने नवी हिरवळ लावली. पुढच्या वर्षीचं कंत्राट अर्थातच गेलं.

त्यानंतर आम्ही घेतलेली पहिली वस्तू म्हणजे मातीचा थर्मामीटर. हवा दोन दिवसांत तापते, मातीला आठवडे लागतात. 10 सेंटिमीटर खोलीवर तापमान सलग काही दिवस 18 अंशांच्या आसपास टिकलं की बर्म्युडा खरोखर जागी होते. तोवर नत्राला हात लावायचा नाही. कापणीची उंची टप्प्याटप्प्याने खाली आणायची, म्हणजे रायग्रास विरळ होऊन बुडाशी ऊन पोचतं. एका वेळी गवताच्या पात्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग छाटायचा नाही, ही शिस्त मात्र तेव्हाही सुटत नाही.

या काळात मैदान चट्ट्यापट्ट्यांचं दिसतं. आता ते आम्ही कंत्राटाआधीच सांगून टाकतो. एका व्यवस्थापकाने ते ऐकून फोनच ठेवला होता. सहा महिन्यांनी त्यांचाच फोन आला.

बर्म्युडा जोमात आली की कोअरिंग. पोकळ दातांच्या यंत्राने ग्रीनमधून मातीच्या छोट्या नळ्या उपसायच्या, भोकांत वाळू भरायची. पायाखाली घट्ट झालेली जमीन मोकळी होते, मुळांना हवा मिळते. ही भोकं फक्त वाढणारं गवतच बुजवतं. झोपलेल्या गवतावर हा उद्योग केला तर ती उघडी राहतात आणि तणाचं बी तिथे मुक्काम ठोकतं. खेळाडू चिडतात, ‘ग्रीनची चाळणी केलीत’ म्हणतात. बरोबरच आहे, आम्ही चाळणीच करतो.

वाळू कोरडी हवी, ब्रशने ओढली की भोकात उतरते. ओली असेल तर पानांवरच चिकटून बसते. वर राहिलेला प्रत्येक कण पुढच्या कापणीत पात्यांची धार खातो. म्हणून त्या आठवड्यात नवे मोवर आम्ही बाहेरच काढत नाही. धंद्याच्या पहिल्या वर्षी घेतलेलं सेकंडहँड यंत्र अजून ठेवलंय, ते चालवतो. संध्याकाळी ते शेडमध्ये परत येतं आणि आम्ही दोघं कागदाची पट्टी घेऊन त्याच्यापुढे बसतो.