लक्ष्याचा दुसरा चेहरा

आज पावसाने इंदूरच्या राजवाड्याला जायचा प्लॅन बुडवला, मग घरीच 'एक होता विदूषक' लावला. १९९२चा, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, लेखन पुलंचं, आणि मेन रोलमधे आपला लक्ष्या, लक्ष्मीकांत बेर्डे! भाचा पोह्यांवर मूठभर सेव टाकून आधीच हसायच्या तयारीत, कारण त्याच्यासाठी लक्ष्या म्हणजे बनवाबनवीतली पार्वती, बास.

सुरुवातीला हसलाही, तमाशातला सोंगाड्या म्हटल्यावर टायमिंग आहेच. पण पुढे तोच आबुराव मोठा स्टार होतो, राजकारणात ओढला जातो आणि स्वतःच्या पोरीला हसवायला धडपडतो ना, तिथे मोठे डोळे तेच पण ती नेहमीची गडबड सगळी बंद, आवाज एकदम खाली... भाचा म्हणे, "मामा, हा तोच आहे?" आई म्हणाली, "अरे, त्याला रडता येत होतंच, लोकांना बघायचं नव्हतं."

पटलं मला. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण पब्लिकला त्यांचा जुनाच लक्ष्या हवा होता आणि मला विचाराल तर यात चूक त्याची काडीची नाही. २०२३मधे कपिल शर्मा 'ज्विगाटो'त डिलिव्हरीवाला झाला तेव्हाही आमच्या ऑफिसात हेच, कपिल आहे तर जोक कुठेत भाऊ?

आता भाच्याला भाऊ कदमचा 'नशीबवान' बघायचाय. अजून अशी नावं असतील तर टाका रे, फक्त घरबसल्या मिळतील अशीच, इंदूरात मराठी सिनेमा थेटरात टिकतो किती ते माहितीये सगळ्यांना.