तळहातावरचा नंबर

जुलै २०२४. ‘लाडकी बहीण’चे अर्ज सुरू झालेले. तालुक्याच्या गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, तिथं सकाळी साडेआठलाच रांग लागायची. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येणार, म्हणून ते खातं कुठलं हे आधी आधारच्या साइटवर बघायचं, त्याला ओटीपी. बायका रांगेतूनच ओटीपी ओरडून सांगायच्या. मीही ओरडूनच विचारायचो, “ताई, नंबर बोला!”

त्या दिवशी पंचविशीतली एक बाई आली. तिनं स्वतःचं आधार दिलं, पासबुक दिलं, न मागता नवऱ्याचंही आधार दिलं. मोबाईल नंबर विचारला तर गप्प. मागून कुणी तरी म्हणालं, “सांग की गं, खोळंबा करतीस.” तिनं माझं पेन उचललं, तळहातावर दहा आकडे लिहिले आणि हात माझ्यापुढं धरला. घामानं शेवटचे दोन आकडे पसरले होते. ते मी हळूच विचारून घेतले.

काम झाल्यावर म्हणाली, “दादा, मागं एका दुकानात मोठ्यानं सांगितला होता. रात्री साडेदहाला फोन. रांगेतलंच पोरगं कुणी तरी. महिनाभर चाललं. घरात बोलणी मलाच बसली.”

आपल्या लोकांना खासगी माहितीचं काही वाटत नाही, असं मीच कितीदा म्हटलं होतं. साफ चूक. नंबरची झळ तिला बसली होती, म्हणून ती नंबर जपत होती. आधारची झळ अजून बसली नव्हती, एवढंच. आणि ती बसते. अंगठ्यावर पैसे काढायला आधार नंबर, बँकेचं नाव आणि ठसा पुरतो, ओटीपी लागत नाही. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरून ठसे उचलून, त्यांची नक्कल करून खाती साफ केल्याच्या केसेस आपल्या देशात झाल्या आहेत. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमतानं सांगितलं. माझ्या काउंटरवर तो रोज मोडत होता, आणि मोडणारा मी होतो.

दुकान बंद करताना टेबलाखालचं खोकं ओढलं. काळपट आलेल्या, तिरक्या निघालेल्या झेरॉक्स. चेहरे, जन्मतारखा, पत्ते, बारा-बारा आकडे. महिन्याला ते रद्दीत जायचं. असाच एक कागद मी वड्याखाली बघितला होता आणि तेलकट हात त्यालाच पुसले होते. रात्री दहापर्यंत फाडत बसलो.

आता काउंटरवर वही असते. नंबर लिहायचा, काम झालं की चिठ्ठी ज्याची त्याला परत. चालत असेल तिथं पहिले आठ आकडे झाकलेलं आधार काढून देतो. काही कचेऱ्यांतून ते परत येतं, मग लोक माझ्यावरच चिडतात. तरी मी देतो.

पंधरा दिवसांनी ती बाई सासूला घेऊन आली. सासूनं तोंड उघडायच्या आत वही तिच्यापुढं सरकवून म्हणाली, “आत्या, बोलू नका. इथं लिहू आपण.”