आमची वाटचाल : 'फॉरमॅट मारला' इथून पुढे

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. एक टेबल, स्क्रू ड्रायव्हरचा एक डबा. जुने लॅपटॉप घ्यायचे, किबोर्ड-बॅटरी बदलायची, पुसून-पासून विकायचे. डेटा पुसायचा म्हणजे फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकायचं, इतकीच आमची समज.

मग एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याची स्वतःची एक फाइल उडाली म्हणून त्याने रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं होतं, आणि वर आले ते आधीच्या मालकीणबाईंच्या मुलीच्या वाढदिवसाचे फोटो आणि बँकेची स्टेटमेंटं. "आता याचं मी काय करू?" असं तो बिचारा आम्हालाच विचारत होता. लॅपटॉप परत आणला, त्या बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही, नुसत्या गप्प राहिल्या. ती शांतता अजून कानात आहे.

तो लॅपटॉप हार्ड डिस्कचा होता. त्यानंतर जुना डेटा झाकला जावा म्हणून प्रत्येक डिस्कवर आम्ही तीनतीनदा शून्यं लिहायला लागलो. हार्ड डिस्कसाठी ते ठीकच होतं. पण एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश मेमरीच्या चिपांवर डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्ह) आल्या तरी तेच सॉफ्टवेअर चालवत राहिलो, हे चुकलं.

एसएसडीमध्ये आपण 'त्याच जागी' लिहितो असं वाटतं, पण कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हचा कारभार बघणारी चिप, नवा डेटा भलत्याच रिकाम्या पानावर (मेमरीच्या छोट्या कप्प्यात) नेऊन ठेवतो, कारण फ्लॅशच्या सगळ्या चिपा एकसारख्या प्रमाणात झिजाव्या लागतात. जुनं पान नंतर सवडीने पुसलं जातं. शिवाय राखीव जागा असते ती वेगळीच. 240 जीबी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ड्राइव्हमध्ये चिपा 256 जीबीच्या असतात. तो जादाचा भाग बाहेरून लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसतच नाही. म्हणजे रात्रभर शून्यं लिहून आम्ही ड्राइव्ह झिजवत होतो आणि खात्री मात्र काहीच नव्हती.

मग ड्राइव्हला स्वतःच सगळं पुसायला लावणाऱ्या आदेशाकडे वळलो. ड्राइव्ह साटा (जोडणीची जुनी पद्धत) असेल तर सिक्युअर इरेज, एनव्हीएमई (नवी, वेगवान पद्धत) असेल तर ड्राइव्हचाच फॉरमॅट किंवा सॅनिटाइझ आदेश. पहिल्याच लॅपटॉपवर अडलो: ड्राइव्हची स्थिती 'फ्रोझन'. सुरू होताना बायोस, म्हणजे लॅपटॉपमधलं मूळ सॉफ्टवेअर, तिला कुलूप घालतं, म्हणून ती पुसण्याचा आदेश घेत नाही. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उपाय सापडला तो अगदी साधा. लॅपटॉप स्लीपमध्ये टाकायचा, बटण दाबून उठवायचा आणि पुन्हा बघायचं. बहुतेकदा कुलूप निघालेलं असतं. साटाच्या आदेशाआधी ड्राइव्हला तात्पुरता पासवर्ड द्यावा लागतो. आमच्या एका मुलाने मनाला येईल तो दिला, मध्येच वीज गेली, आणि त्या पासवर्डने ड्राइव्ह कायमची कुलूपबंद झाली. तेव्हापासून पासवर्ड एकच, तो भिंतीवर लिहिलेला, आणि चार्जर लावल्याशिवाय आदेश द्यायचा नाही.

आदेश दिला म्हणजे काम झालं, असंही आम्ही मानत नाही. 2011 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी ड्राइव्हच्या चिपांतला डेटा थेट वाचून पाहिला. एका ड्राइव्हने 'पुसलं' असा निरोप दिला होता, आणि आत सगळा डेटा जसाच्या तसा होता! हे वाचलं त्या दिवशी मी जेवलो नाही. वरून शून्यं दिसली तरी तो पुरावा नव्हे, कारण सोडून दिलेल्या जागेसाठी कंट्रोलर बऱ्याचदा नुसतं शून्यच दाखवतो. म्हणून आम्ही दोन पदर ठेवतो. शक्य असेल तिथे लॅपटॉप विकायला आणणाऱ्यालाच सांगतो की बिटलॉकर (विंडोजमधली डेटा कुलूपबंद ठेवायची सोय) पहिल्या दिवसापासून चालू होतं का बघा, कारण डेटा मुळातच कुलूपबंद असला तर उरलंसुरलं पानही निरुपयोगी ठरतं. आणि आदेशानंतर सॅनिटाइझचा लॉग (ड्राइव्हने ठेवलेली नोंद) वाचतो, मग ड्राइव्हच्या वेगवेगळ्या भागांत डोकावतो. लेबलवर अनुक्रमांक, पद्धत, वेळ आणि काम करणाऱ्याचं नाव लिहिलं जातं. लेबल नसलेला लॅपटॉप विक्रीच्या फळीवर जात नाही, मग गिऱ्हाईक दारात उभं असलं तरीही.

आदेश न मानणारी ड्राइव्ह बाहेर काढून तिची एकेक चिप फोडतो, नुसतं भोक पाडून भागत नाही. चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असेल तर अख्खा बोर्ड जातो, आणि लॅपटॉप सुट्या भागांत विकला जातो: स्क्रीन वेगळी, किबोर्ड वेगळा. यात तोटा होतो. हल्ली असा लॅपटॉप टेबलावर आला की भाव सांगण्याआधी मागचं झाकण उघडून चिप कुठे बसवली आहे ते आम्ही पाहून घेतो.