जयपूर, राजमंदिर आणि एक सुमार थ्रिलर

जयपूरला येऊन रात्री पिक्चर बघायचा हे काय खूळ, असं नवऱ्याचं म्हणणं होतं, पिक्चर तर घराशेजारच्या मॉलमध्येपण लागतो. पण मला राजमंदिर हे इथलं प्रसिद्ध थिएटर आतून बघायचं होतं आणि त्यासाठी सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे तिकीट काढून जे काय लागलं असेल ते बघणे. त्यात सकाळपासून आमेरचा किल्ला चढून उतरून तिघांचेही पाय बोलायला लागले होते, त्यामुळे एसीत अडीच-तीन तास बसायला मिळेल या एकाच मुद्द्यावर तो तयार झाला. सासूबाई आधीपासूनच तयार. त्यांना पिक्चर कुठला आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं, इंटरव्हलला समोसा मिळाला की झालं.

स्क्रीन एकच, त्यामुळे चॉइस वगैरे भानगड नाही. लागला होता एक हिंदी थ्रिलर, नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तुम्ही तो पाहिला असेल तरी विसरला असाल.

संध्याकाळी सिंधी कॅम्पजवळ रावतची प्याज कचोरी खाल्ली (एकीत पोट भरतं, दुसरी घेऊ नका, आम्ही घेतली) आणि रिक्षा करून भगवानदास रोडला गेलो, एम. आय. रोडवरच्या पाच बत्ती चौकापासून अगदी जवळ आहे. लांबूनच ती गुलाबी वळणावळणाची भिंत आणि त्यावरचे दिव्यांचे तारे दिसायला लागतात. तारे नऊ आहेत, नवरत्नांचे म्हणून. तिकिटांचे क्लासही रत्नांच्या नावाचे, पर्ल, रुबी, एमराल्ड, डायमंड. आम्ही एमराल्ड काढलं. "पाचूत बसायचंय," असं सासूबाईंनी तिथून लगेच नणंदेला फोन करून सांगितलं.

आणि मग लॉबी. काय सांगू, मी तिथे उभी राहून वर बघतच राहिले. छताला लाटा, मोठमोठी झुंबरं, गोल वळत वर जाणारा जिना, खाली गालिचा, आणि सगळं पब्लिक पिक्चरला आलंय की लग्नाला असं वाटावं इतकं नटून फोटो काढत होतं. एका बाईंनी तर नवऱ्याला जिन्यावर तीन वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभं केलं, तो बिचारा निमूटपणे उभा राहत होता. मॉलमधल्या मल्टिप्लेक्सच्या लॉबीत आपण पॉपकॉर्नची रांग सोडून काय बघतो?

आता खरी गंमत ऐका. हे थिएटर डिझाइन करणारे आर्किटेक्ट होते डब्ल्यू. एम. नामजोशी. मी हे सांगितल्यावर सासूबाई थांबल्याच, "नामजोशी? म्हणजे आपल्याकडचेच की गं!" तेव्हापासून त्या झुंबरांकडे जरा घरच्यासारख्या बघायला लागल्या. मुंबईचं मराठा मंदिर थिएटर त्यांचंच, तेच जिथे १९९५ पासून 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' लागतोय. आणि मरीन लाइन्सच्या लिबर्टी टॉकीजचं आतलं ते सगळं नक्षीकामही त्यांनीच केलेलं. राजमंदिरची पायाभरणी १९६६ ला झाली आणि उघडलं थेट १ जून १९७६ ला, म्हणजे बांधायलाच दहा वर्षं, तेही एका टॉकीजला. पहिला पिक्चर लागला 'चरस', धर्मेंद्र-हेमामालिनीचा.

आत गेल्यावर लगेच पिक्चरकडे वळू नका, जरा लवकर जाऊन बसा. भिंतींवर प्लास्टरच्या लाटा आहेत आणि त्यांच्यामागे लपवलेले दिवे, रंग हळूहळू बदलत राहतात. दिवा कुठेच दिसत नाही, फक्त उजेड. पडदा बाजूला सरकला तेव्हा लोकांनी चक्क शिट्ट्या मारल्या, पिक्चरच्या नावाचाही पत्ता नव्हता अजून.

पिक्चर? हां. सस्पेंड झालेला पोलीस ऑफिसर, दाढी वाढलेली, बायको मेलेली, शहरात खून आणि दर खुनाच्या वेळी पाऊस. पहिली वीस मिनिटं खरंच बरी होती, एक लिफ्टमधला सीन तर छान जमला होता. मग एक गाणं आलं, बारमध्ये, का ते दिग्दर्शकालाच माहीत, आणि त्यानंतर गाडी रुळावर आलीच नाही. सगळे जण अंधारात टॉर्च घेऊन फिरतात, घरातला लाइट लावायचं कोणालाच सुचत नाही. खुनी शेवटच्या दहा मिनिटांत एका जागी उभा राहून आपण हे सगळं का केलं ते सविस्तर सांगतो आणि पोलीस शांतपणे ऐकून घेतो. माझ्यामागे एक काका बसले होते, ते प्रत्येक ट्विस्टला "लो भई, अब ये" म्हणायचे, मला पिक्चरपेक्षा त्यांचीच वाट बघायची सवय लागली.

पण खरं सांगू का, पिक्चर भारी असता तर मी त्या भिंती बघितल्याच नसत्या. बारच्या गाण्यात मी निवांत छत बघून घेतलं. नवरा तेवढ्यात झोपला, त्याला अजूनही दुसरा खून कोणाचा झाला ते माहीत नाही आणि मी सांगितलेलं नाही.

इंटरव्हलला समोसा मिळाला, गरम होता, सासूबाईंचे पैसे वसूल.

सुटल्यावर बाहेर रिक्षावाल्यांची झुंबड, येतानाच्या दुप्पट भाडं सांगतात, दोन रिक्षा सोडून तिसरीला विचारा, बरोबर रेटवर येतो. एम. आय. रोडवर कुल्हडमधली लस्सी प्यायचा प्लॅन मात्र फसला, ती दुकानं तोवर कधीच बंद झालेली असतात. लस्सी दिवसा, शक्यतो सकाळीच गाठायची, आणि एकाच नावाची दुकानं शेजारीशेजारी आहेत, ओरिजिनल कुठलं यावर रिक्षावाला आणि नवरा हॉटेल येईपर्यंत वाद घालत होते.