खोबरेल तेल गोठलं

सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तर एक थेंब पडेना. आत तेल पांढरं दगड. आमच्या परभणीत बर्फ पडतो तो एवढाच, बाटलीतल्या बाटलीत. सासूबाईंनी बाटली आंघोळीच्या बादलीत सोडली आणि त्याच पाण्यानं आंघोळही उरकली. त्यांचं वय पंचाहत्तर, पण एक तांब्या पाणी वाया जाऊ देणार नाहीत.

हे पेपर घेऊन उन्हात बसलेले. "सात अंश," म्हणाले, जसं काही थंडी ह्यांनीच पाडली. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा पेपरात आला की परभणीकराची छाती उगाच फुगते. महाबळेश्वर एवढं उंचावर, तरी कित्येक दिवशी आमचाच पारा खाली. समुद्र लांब, आभाळ कोरडं, निरभ्र; दिवसा तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते आणि तिला अडवायला ढगाचं पांघरूण नसतं. दुपारी मात्र स्वेटर काढून खुंटीला. मला विचाराल तर ही थंडी तशी फसवीच.

आठच्या सुमाराला बहिणीच्या मुलीचा फोन. ती अमेरिकेत बफेलोला असते, तिथे आदल्या रात्रीचे साडेनऊ.

"मावशी, काय करायलीस?"

"मशीनला तेल घालायलेय. थंडीनं जड चालायली. तुझं काय?"

"उद्या बर्फ येणारय गं. दोन फुटांचा अंदाज आहे. दूध, ब्रेड भरून ठेवलं. फावडं घरात आणून ठेवलं."

फावडं घरात कशाला, तर बाहेर ठेवलं तर तेच बर्फाखाली गाडलं जातं, मग ते काढायला दुसरं फावडं लागेल. मला हे फार पटलं. तिच्या गावाला लागून ईरी नावाचं समुद्राएवढं तळं आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला तळ्याचं पाणी हवेपेक्षा गरम असतं. थंडगार वारा त्यावरून येताना वाफ उचलतो आणि काठावर आला की बर्फ करून ओततो. तेही पट्ट्या-पट्ट्यांनी. एका वस्तीत कमरेएवढा, चार मैलांवर ऊन. 2014 च्या नोव्हेंबरात तिकडे काही भागांत पाच फुटांच्या वर पडला होता. त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चात आपल्याकडे गारपीट झाली होती. उभी ज्वारी आडवी झाली, गहू-हरभरा झोडपून निघाला. तेव्हापासून आभाळातून पांढरं काही पडणार म्हटलं की माझ्या पोटात आधी गोळा येतो. ती मात्र उद्या सुट्टी मिळेल म्हणून खूश होती.

फोन ठेवला. नळाचं पाणी भरलं, भांडी घासली (बोटं बधिर), हरभऱ्याची कोवळी भाजी निवडली, भाकऱ्या थापल्या. ह्या कामांत लिहिण्यासारखं काही नाही.

दहाला मशीनवर बसले. पौष लागायच्या आत सगळ्यांना लग्नं उरकायचीत आणि सगळ्यांना ब्लाऊज उद्या पाहिजेत. हातात एकूण नऊ, पैकी एक नवरीचा: पैठणीचा, अस्तर लावून, बाहीवर मोर. मोबाईल खिडकीत टेकवला आणि जुनी नाट्यपदं लावली. हे रोजचंच आहे. शेजारची मुलगी म्हणते, काकू, नवीन काही लावत जा. पण नवीन गाण्यांना मशीनचा पाय जुळत नाही.

हा पाय नानांचा. माझे वडील गावच्या जत्रेत होणाऱ्या नाटकांना पायपेटी वाजवायचे. दोन्ही पायांनी भाता हलवायचा आणि हात सुरांवर मोकळे. मी शिलाई शिकले तेव्हा नाना म्हणाले, "पाय एका लयीत राहू दे, हात आपोआप शिकतो." एकदा 'सौभद्र' लावलं होतं. किर्लोस्करांचं 1882 चं नाटक, पण आमच्या गावात ते जवळजवळ नव्वद वर्षांनी पोचलं. सुरूच झालं रात्री उशिरा, त्यात दर पदाला वन्समोअर. कृष्ण रुक्मिणीला पहाट झाल्याचं गाऊन दाखवतो त्या पदापर्यंत येता येता खरंच कोंबडा आरवला. लोकांनी कोंबड्यालाही वन्समोअर दिला, असं नाना सांगायचे. त्यांच्या गोष्टीतलं चार आणे मी नेहमी कापून घेते.

दुसरी गोष्ट मात्र खरी आहे. 1921 साली मुंबईत केशवराव भोसले आणि बालगंधर्व 'मानापमान'मध्ये एकत्र उभे राहिले, टिळक स्वराज्य फंडासाठी. दोघांच्या कंपन्या वेगळ्या, दोघं एकमेकांचे प्रतिस्पर्धी. केशवराव त्याच वर्षी गेले. नाना हे सांगताना दर वेळी पायपेटीवरून पाय खाली घ्यायचे.

जुन्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. थिएटरात जे पद घोळवून घोळवून गायचं, ते तेवढ्यात बसवावं लागे. माझ्या फार कामाचं हे माप. एका बाजूत दोन हुक, एका ब्लाऊजला सहा हुक, म्हणजे तीन पदं. फॉल लावायचा असेल तर 'कट्यार'मधली लांब पदं काढते, ती नंतरची, 1967 ची, तिथे तबकडीची घाई नाही. मध्ये केसांच्या तेलाची जाहिरात घुसते आणि टाका चुकतो.

आज जाहिरातीचा दोष नव्हता, माझाच. एका तानेपाठी गेले आणि नवरीच्या ब्लाऊजची हुकपट्टी सोडून काजपट्टीवर सहाच्या सहा हुक शिवून बसले. पैठणीवर टाके उसवणं म्हणजे काटा काढण्यासारखं. ब्लेड नाही, सुईच्या टोकानं एकेक दोरा उचलायचा, नाहीतर जरतार उधडते. मोबाईल बंद केला, चश्मा पुसला. उसवायलाच पाच पदांचा वेळ गेला असेल. सासूबाई दारातून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत, चहा ठेवून गेल्या.

रात्री आठला फोन लावला, तिथे साडेनऊ सकाळचे.

"पडला का?"

"कुठला पडतो! सगळा दक्षिणेकडच्या गावांवर गेला. आमच्याकडे कोरडं ठाक. ऑफिसला निघालेय."

"आणि फावडं?"

"दारातच आहे. आत्ता त्यालाच ठेचकाळले."

मागून सासूबाईंचा आवाज आला, तेल पुन्हा गोठायलंय, बाटली चुलीजवळ ठेव म्हणून.