कुंभारीचं घर आणि नायनम्मा

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस कुठला असं कुणी विचारलं तर मी नोकरीचा किंवा लग्नाचा सांगत नाही, २००६ साली आम्ही सोलापूरजवळ कुंभारीला राहायला गेलो तो सांगतो. तेव्हा मी शाळेत होतो. पण त्या दिवसाबद्दल लिहायचं म्हणलं की नायनम्माच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या आईच्या, विड्या वळायच्या सुपापासनंच सुरुवात करावी लागते, कारण ते घर त्या सुपातनंच आलंय.

आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाचे, घरात तेलुगू, बाहेर मराठी. सोलापूरच्या पूर्व भागात एका खोलीत सगळे राहायचो. वडील पॉवरलूमवर आणि नायनम्मा, आई दोघी विड्या वळायच्या. ज्यांनी हे काम जवळनं बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, मग पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीनं कापायची, चिमूटभर तंबाखू पसरून पान असं वळायचं की एक टोक निमुळतं राहील, तोंड दुमडून दाबायचं आणि दोऱ्यानं बांधायचं. पंचवीसची जुडी, मजुरी हजार विड्यांवर. नायनम्मा हे सगळं आमच्याशी बोलत, चुलीवरच्या भाताकडं लक्ष ठेवत करायची, हाताकडं बघायचीच नाही. विडी कारखान्यात माल द्यायला गेली की तिथं तपासणारा माणूस छाट काढायचा, म्हणजे त्याला न आवडलेल्या विड्या बाजूला, त्याचे पैसे नाहीत. ज्या दिवशी छाट जास्त निघायची त्या दिवशी ती घरी येऊन कुणाशीच बोलायची नाही. मला अजून त्याचा राग येतो.

आईच्या विडी कामगार कार्डावर मला स्कॉलरशिप मिळायची, वह्या पुस्तकं त्यातच व्हायची.

घराचं म्हणाल तर ते कुणी आणून हातात दिलं नाही. कामगार नेते आडम मास्तरांबरोबर या बायका वर्षानुवर्षं मोर्चे काढत होत्या, हातातलं काम टाकून जायच्या म्हणजे तेवढी मजुरी बुडाली, तरी जायच्या. शेवटी कुंभारीच्या माळावर १०,००० च्या वर घरं उभी राहिली, थोडं केंद्राचं अनुदान, थोडं राज्याचं आणि उरलेला हिस्सा कामगारांचा. नायनम्मानं तिचा हिस्सा भिशीतनं उभा केला. वसाहतीला नाव दिलं गोदूताई परुळेकरांचं, ज्यांनी ठाणे जिल्ह्यात वारली लोकांचा लढा उभा केला त्या. घरं द्यायला पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते, त्यावेळी एवढी घरं एकदम विडी कामगार बायकांना मिळणं ही साधी गोष्ट नव्हती ओ.

सामान ते काय असणार, एक टेंपो पुरला. अक्कलकोट रोडनं गेलो, मी मागं गाद्यांवर बसलेलो. घरात शिरल्यावर आई देवाचे फोटो कुठं लावायचे बघायली, वडील लाईटचं बटण दाबून बघायले, आणि नायनम्मा सरळ संडासात गेली आणि आतनं कडी लावली. उघडली. परत लावली. आम्हाला काही कळेना. बाहेर आली तर डोळे भरलेले, म्हणाली, "आता डबा घेऊन लाईनीत उभं राहायचं नाही." जुन्या वस्तीत बायका अंधार असतानाच उठून जायच्या, हे मला माहीत होतं पण त्याचा तिला किती त्रास होता हे त्या कडीच्या आवाजानं कळलं. मी मुलगा, मला तोवर त्याचा विचार करायची वेळच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी माल द्यायचा होता, म्हणून रात्री सगळे झोपल्यावर ती नव्या घरात सूप मांडीवर घेऊन बसली. आईपण बसली. कात्रीचा तोच आवाज ऐकत मला झोप लागली.

आज ती थकलीय, बोटं सरळ होत नाहीत, विड्या कधीच बंद केल्या. हे लिहिलेलं काल तिला वाचून दाखवलं, तेलुगूत सांगत सांगत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, घराचं लिहिलास, मोर्च्याचं दोन ओळीतच संपवलास की रे. पोलिसांनी गाडीत घालून नेलं तेव्हा तुझा बाप तान्हा होता, त्याला पोटाशी धरून गेले होते मी.

हे मला माहीतच नव्हतं. आता रविवारी तिच्याकडं जाणार आहे, मोबाईलवर रेकॉर्डच करून घेतो. पुढची पोस्ट तिची.